डावीकडे परत येताना

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांकडे लायसन असतं. बऱ्याचदा चांगलं जुनं, प्लॅस्टिकच्या पाकिटात अगदी कोरं राहिलेलं. गाडीही दारात उभी असते आणि ती नुसतीच धूळ खात नसते. कोथरूडहून औंधला, चिंचवडहून निगडीला या बायका रोज जातात. संध्याकाळच्या गर्दीत लक्ष्मी रोडला गाडी घालायची त्यांची तयारी असते. एक्स्प्रेसवेचं नाव काढलं की मात्र आवाज खाली येतो. "तिथे नको ताई. तिथे मला जमत नाही." मग मुंबईला जायचं तर नवऱ्याला सुट्टी कधी मिळते ते बघायचं, नाहीतर मुलाला गळ घालायची.

मी पिंपरी-चिंचवडमध्ये मोटार ट्रेनिंग स्कूल चालवते. नवशिक्यांना क्लच-ब्रेक शिकवायचं काम आता आमच्याकडची मुलं करतात. मी घेते ती ही जुन्या लायसनवाली मंडळी. डावीकडच्या सीटवर बसते, माझ्या पायाशी जादाचा ब्रेक असतो आणि शक्यतो मी त्याला पाय लावत नाही.

हा भित्रेपणा नव्हे, हे मी सगळ्यांना आधीच सांगून टाकते. शहरात गाडी चालवताना आपण माणसांचे चेहरे वाचत असतो. रिक्षावाला घुसणार की थांबणार हे त्याच्या तोंडावर दिसतं. स्कूटरवाली मान वळवते, रस्ता ओलांडणारा हात दाखवतो, आपण हॉर्न देतो, झालं. वीस-पंचवीसच्या वेगात अंदाज चुकला तर फार तर बंपर जातो. एक्स्प्रेसवेवर चेहरेच नसतात. आणि ज्याच्यावर लक्ष ठेवायचं तो समोर नसून मागे असतो, आरशातल्या तळहाताएवढ्या तुकड्यात. शहरातलं कसब सगळं पुढे बघण्याचं, इथलं निम्मं काम मागे बघण्याचं. ते कुणी शिकवलेलंच नसतं. चाचणीत आठचा आकडा काढायला लावतात, चढावर थांबून गाडी पुन्हा उचलायला लावतात, रिव्हर्स घ्यायला लावतात. ऐंशीच्या वेगात लेन बदलून दाखवा असं कुणी म्हणत नाही, आणि तेवढ्याशा ट्रॅकवर म्हणणार तरी कसं? पहिल्याच दिवशी जे बिनधास्त असतात, त्यांची मला जास्त काळजी वाटते.

रस्ता म्हणाल तर सरळ आहे. कळंबोली ते किवळे, ९४.५ किलोमीटर. राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधला, २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला, कागदोपत्री नाव यशवंतराव चव्हाण यांचं. दोन्ही बाजूंना तीन-तीन लेन, मधे दुभाजक, सिग्नल नाही, चौक नाही, समोरून कुणी येत नाही. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना बंदी. शहरात ज्या गोष्टींनी जीव मेटाकुटीला येतो, त्या सगळ्या इथून हद्दपार आहेत. तरी २०१६ साली या रस्त्यावर १५१ माणसं मेली. त्यानंतर सेव्हलाइफ फाउंडेशन, महामंडळ आणि महामार्ग पोलिसांनी मिळून बरंच काम केलं, धोक्याच्या जागा शोधून काढल्या, कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकांमागे लागले, कठडे नीट केले, आणि आकडा बराच खाली आला. म्हणजे तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणूच शकत नाही. फक्त ती भलत्याच गोष्टीची असते. लोक आपल्या गाडीच्या वेगाला भितात. काटा ऐंशीवर गेला की हात घामेजतात, पाय आपोआप वर येतो आणि गाडी साठवर. धोका असतो तो दोन गाड्यांच्या वेगातल्या फरकात. सगळे ऐंशीने चाललेत आणि तुम्हीही ऐंशीने, तर तुमच्या शेजारची गाडी जवळजवळ उभीच आहे. तुम्ही साठवर आलात की मागच्या प्रत्येकाला तुमच्यासाठी काहीतरी करावं लागतं.

पहिल्या तासाला मी गाडी चालवायला देत नाही. सोसायटीच्या आत, सावलीला उभी करून आरसे लावायला शिकवते. दहातल्या नऊ जणांच्या बाजूच्या आरशात निम्मी जागा त्यांच्याच गाडीच्या दारांनी व्यापलेली असते. आपलं दार आरशात दिसलं की बरं वाटतं म्हणे. मी म्हणते, मॅडम, ते दार कुठे पळून जात नाही, त्याच्याकडे कशाला बघायचं? १९९५ साली जॉर्ज प्लॅट्झर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने आरशांच्या भूमितीवर एक निबंध वाचला, त्यातली पद्धत मी वापरते. डोकं उजवीकडच्या काचेला जवळजवळ टेकवायचं आणि उजवा आरसा इतका बाहेर फिरवायचा की आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल. मग डोकं गाडीच्या मधोमध आणायचं आणि डावा आरसा तसाच लावायचा. सरळ बसलं की दोन्ही आरशांत आपली गाडी दिसतच नाही. पहिले दोन दिवस चुकल्याचुकल्यासारखं होतं.

खरं वाटत नाही म्हणून मग आमच्या वॉचमनकाकांना सायकल घेऊन बोलवायचं. ते मागून सायकल हातात धरून हळूहळू चालत गाडीच्या उजव्या बाजूने पुढे येतात. एका शाळेतल्या बाईंना मी हे आधी त्यांच्या जुन्या आरशांवर करायला लावलं. सायकल दिसतेय तोवर 'हो' म्हणत राहायचं, दिसेनाशी झाली की गप्प. बाई 'हो, हो' म्हणत होत्या आणि एकदम थांबल्या. काका चालतच होते. तीन-चार पावलं सायकल ना आरशात ना खिडकीत, आणि मग एकदम बाईंच्या खांद्याशी हँडल उगवलं. त्या दचकल्या. आरसे नव्याने लावून काकांना परत मागे पाठवलं. या वेळी सायकल आतल्या आरशातून निघाली ती बाजूच्या आरशात आली, आणि तिचं कॅरिअर आरशातून बाहेर पडायच्या आत पुढचं चाक खिडकीत दिसायला लागलं. बाईंनी काकांना आणखी दोन फेऱ्या मारायला लावल्या. "म्हणजे इतकी वर्षं एक आख्खी गाडी मावेल एवढी जागा मला दिसतच नव्हती!" भीतीचा मोठा भाग मला वाटतं इथेच गळून पडतो, कारण ती बऱ्याच वेळा रास्त असते. न दिसणाऱ्या जागेत शिरायला कोण धजेल? अर्थात आरसे कितीही नीट लावले तरी वळण्याआधी खिडकीतून एक ओझरती नजर टाकायचीच. हनुवटी खांद्याकडे नेऊन परत, बस. मान मागे वळवून बघत बसायचं नाही.

आरशांची आणखी एक खोड माहीत हवी. बाजूचे आरसे बहुधा बाहेर फुगीर असतात, म्हणून जास्त दिसतं, पण मागची गाडी असते त्याहून लहान आणि लांब वाटते. आतला आरसा सपाट, तो खरं सांगतो. बाजूच्या आरशात 'ती गाडी अजून लांब आहे' असं वाटलं तर आतल्या आरशाला एकदा विचारून घ्यावं.

आता थोडं गणित. ते सांगितलं की शाळेतल्या बाईंसारख्यांना हायसं वाटतं आणि बाकीच्यांना जांभया येतात, पण मी सोडत नाही. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, १०० च्या वेगात जवळजवळ २८. लेन बदलायला निवांतपणे चार-पाच सेकंद लागतात. कारला सपाटीवर १०० ची मर्यादा आहे आणि ती किती जण पाळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा समजा, तुम्ही ८० ने मधल्या लेनमध्ये आहात आणि उजव्या लेनमधून मागून एक जण १२० ने येतोय. फरक ४० चा, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. तो १०० मीटर मागे असेल तर नऊ सेकंदांनी तुमच्याजवळ पोचेल, ५० मीटरवर असेल तर साडेचार सेकंदांत. पहिल्या वेळी जाता येतं, दुसऱ्या वेळी नाही. आरशात बघून मीटर कोण मोजणार? म्हणून दोनदा बघायचं. एकदा आरसा, मग समोर, मनात सावकाश एक-दोन म्हणायचं, पुन्हा आरसा. मागच्या गाडीचा आकार होता तेवढाच असेल तर ती तुमच्याच वेगाने चालली आहे. मोठा झाला असेल तर तिला जाऊ द्या. एकदाच बघून निघणारे लोक फोटो बघून निर्णय घेतात. दुसऱ्यांदा बघितलं की वेग कळतो.

पुढच्या गाडीपासूनचं अंतरही सेकंदांतच मोजायचं. तिने कडेचा एखादा फलक ओलांडला की मोजायला लागायचं, तीन व्हायच्या आत आपण तिथे पोचलो तर फार जवळ आहोत. ८० ला हे अंतर ६६-६७ मीटर भरतं. एवढी जागा सोडली की मधे कुणीतरी घुसतो, ही तक्रार रोज ऐकते. घुसतो, खरंय. मग पुन्हा थोडं मागे राहायचं. पनवेलपर्यंत दहा जण घुसले तरी फार तर एखादं मिनिट उशीर होतो. लोक ते मिनिट वाचवण्यापेक्षा अपमान वाचवायला बघतात.

उजवीकडे जाताना इंडिकेटर आधी द्यायचा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि फारसं कुणी देत नाही. "इंडिकेटर दिला की मागचा मुद्दाम जोर करतो हो!" करतो ना. मग कळलं की नाही, तो तुम्हाला जागा देणार नाही ते? विचारलं, उत्तर मिळालं. तो गेला की जा. इंडिकेटर तसाच चालू ठेवा, मागून येणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्यातला कुणीतरी समजूतदार निघतोच. निघताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा नाही, हे मी सगळ्यात जास्त वेळा सांगत असेन. घाबरलेला माणूस नेमका लेन बदलताना पाय काढतो आणि ज्याच्यापुढे शिरतोय त्याच्याच पुढ्यात मंद होतो. स्टिअरिंग वळवायचंसुद्धा नसतं. नव्या लेनमध्ये शे-दोनशे मीटर पुढे नजर टाकली की हातांचा जो हलका दाब पडतो तेवढा पुरतो. नजर बॉनेटच्या टोकाशी असेल तर गाडी लडखडते, कारण दर क्षणी दुरुस्ती चालू असते.

हे सगळं बायका लवकर शिकतात. खरी अडचण परत डावीकडे येण्याची आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आपण बसतो उजवीकडे. डावी बाजू गाडीच्या पलीकडे, मधे शेजारच्याचं डोकं, सीटची उशी, मागच्या दाराचा खांब. ज्याला आत्ता मागे टाकलं तो ट्रक नेमका तिथे आहे आणि दिसत नाही. बँकेत असणाऱ्या एक बाई ओव्हरटेक अगदी झोकात करायच्या आणि मग उजव्या लेनमध्येच राहायच्या. कामशेतच्या बोगद्यापाशी उजवीकडे गेल्या तर उर्सेच्या टोलनाक्यापर्यंत तिथेच, सत्तरच्या वेगाने. मागे डिपर मारणाऱ्यांची रांग. कुणी डावीकडून सटकायचे, जाताना काचेतून बघायचे. बाईंना वाटायचं, लोक आपल्याला बाई म्हणून त्रास देतात. त्यातलं काही तसं असेलही. पण उजवी लेन अडवली की लोक डावीकडून जाणारच, आणि डावीकडून लोक जायला लागले की बाईंना डावीकडे येणं आणखी अवघड. भीतीने स्वतःभोवती असा वेढा घालून घेतला होता.

दुसऱ्या प्रकारचे लोक उलटं करतात. ट्रकच्या पुढे गेलं न गेलं की गपकन डावीकडे शिरतात. भरलेला ट्रक आपल्यासारखा जागच्या जागी थांबत नाही, आणि त्याच्या नाकासमोर आलेली लहान गाडी त्याला कधीकधी दिसतही नाही. यावर एकच उपाय मी सांगते. आतल्या सपाट आरशात ट्रकचं सगळं थोबाड दिसलं पाहिजे, दोन्ही हेडलाइट आणि खालची चाकं रस्त्याला टेकलेली. तोवर उजवीकडेच, त्याच वेगाने. चाकं दिसली की डावा इंडिकेटर, डावा आरसा, डाव्या खिडकीतून ओझरती नजर, मग यायचं. ही शेवटची नजर आपल्याकडे फार महत्त्वाची, कारण तुम्ही ट्रकला मागे टाकत असताना त्याच्या पलीकडून, पहिल्या लेनमधून, एखादा सुसाट सुटलेला असतो. तो मधल्या लेनमध्ये तुमच्याच वेळी येणार. नियमाने नसतो यायचा, पण येतो.

बँकेतल्या बाईंना मी ट्रक सोडून आधी मोकळ्या रस्त्यावर नुसतं डावीकडे यायला लावलं. काही कारण नाही, फक्त तिसऱ्या लेनमधून दुसऱ्या लेनमध्ये. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. 'चाकं दिसली' असं मोठ्याने म्हणायचं. त्या म्हणत राहिल्या. नंतर एकदा घरी नवऱ्यालाही म्हणायला लावलं त्यांनी, त्याचं काय झालं ते मला सांगितलं नाही.

ट्रकबद्दल थोडं. डावी लेन अवजड वाहनांची, हे फलकांवर लिहिलेलं आहे. ट्रकवाले मधल्या लेनमध्ये का असतात असं मी ढाब्यावर काही जणांना विचारलं, तर म्हणाले, डावीकडे कुणीतरी बंद पडून उभा असतो, शिवाय एकदा गती मोडली की चढावर गाडी पुन्हा उचलायला जीव जातो. बाकी त्यांचा एक इशारा लक्षात ठेवण्याजोगा आहे. जुन्या दुपदरी रस्त्यांवर उजवा इंडिकेटर देऊन ट्रकवाला मागच्याला 'जा पुढे' असं सांगायचा. एक्स्प्रेसवेवरही कुणी ती सवय घेऊन येतो. इथे त्याचा अर्थ एकच धरायचा, ट्रक उजवीकडे येतोय. आणि त्याच्या आरशात त्याचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. ट्रकच्या डाव्या अंगाला तर तो जवळजवळ आंधळाच असतो, तिथून ओव्हरटेक करणारे लोक कशाच्या भरवशावर करतात कोण जाणे.

सुरुवात एकदम एक्स्प्रेसवेवर करायची नाही. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला भिणाऱ्या एका लहान मुलाची भीती अशीच घालवली होती. त्याला आवडीचं खायला द्यायचं आणि पिंजरा रोज थोडा जवळ आणायचा. पुढे जोसेफ वोल्पे यांनी या पायरीपायरीच्या पद्धतीला उपचाराचं रूप दिलं. मी काही उपचार करत नाही, पण टाळत राहिलं की भीती वाढते हे रोज बघते. टाळल्यावर जो सुटकेचा निःश्वास पडतो ना, तोच पुढच्या वेळी पाय अडवतो. म्हणून पिंजरा जवळ आणायचा. आमचा पिंजरा म्हणजे देहूरोडचा बाह्यवळण रस्ता. रावेत, वाकड, बाणेर एवढाच टप्पा, सकाळी लवकर. पुढे नवले पुलाकडे जायचं नाही, कात्रजच्या नव्या बोगद्यापासून तिथे येणारा उतार नवख्याचं काम नव्हे. बाह्यवळणावर दुचाक्याही असतात, तेव्हा तो एक्स्प्रेसवेपेक्षा सोपा नाहीच, पण वेग कमी आणि बाहेर पडायला वाटा जास्त. मग किवळ्याहून एक्स्प्रेसवे. मंगळवार-बुधवार, सकाळी दहाच्या सुमारास. शनिवारी अख्खी मुंबई लोणावळ्याला निघालेली असते, त्या दिवशी मी माझ्या कामालाही जात नाही. पहिल्यांदा लेन बदलायचीच नाही. एका लेनमध्ये, एका वेगात, खांदे खाली सोडून कुसगावपर्यंत जायचं. छाती धडधडते, मग वीसेक मिनिटांनी तीच दमून शांत होते. मधेच बाहेर पडून चालत नाही, ती शांत होईपर्यंत थांबणं हाच त्या दिवसाचा धडा. लोणावळ्यात चहा घ्यायचा आणि जुन्या हायवेने कामशेत, वडगाव करत परत यायचं.

एक्स्प्रेसवेला मधूनच मिळायचं असेल, समजा लोणावळ्याहून, तर तिथली जोडलेन वेग वाढवण्यासाठी दिलेली असते. दोन मुली दोरी फिरवतायत आणि तिसरी आत शिरतेय, ते आठवा. दोरीच्या लयीत अंग आधीच हलायला लागलेलं असतं तीच शिरते. जोडलेनच्या टोकाला थांबून मागे बघत बसणारा चाळीसच्या खालून थेट शंभरच्या रांगेत घुसायला बघतो. वेग आधी, मग जागा.

शेजारच्या सीटवर कोण बसतो यावर फार अवलंबून असतं. नवरे साधारण वाईट. ते बोलत नाहीत, श्वास आत ओढतात. पाय पुढे ताणतात, वरचं हँडल धरतात. चालवणारी रस्ता सोडून त्यांच्याकडे बघते. मी घरच्यांना सांगून ठेवते, 'मागे गाडी आहे' एवढं सांगितलं तर चालेल, 'अगं अगं अगं' चालणार नाही. आई बसली तर ती जपमाळ काढते, ते परवडतं.

पुरुष येतात ते वेगळं कारण सांगून. 'नवी ऑटोमॅटिक घेतलीय, जरा हात बसवायचा' किंवा 'अमेरिकेत दहा वर्षं चालवली, इकडची सवय गेली'. अमेरिकेतून आलेल्यांना लेनची शिस्त पक्की असते, तिथल्या फ्रीवेवर तिच्याशिवाय निभत नाही. अडचण अशी की ते इतरांनाही शिस्त आहे असं धरून चालतात. शिवाय आंधळी बाजू बदललेली. तिथे बसतात डावीकडे, म्हणून नजर टाकायची सवय उजव्या खांद्यावरून. इथे डावीकडे परत येताना तेही अडखळतात, आणि मग बँकेतल्या बाईंना शिकवलं तेच यांनाही शिकवते. चाकं दिसली का, म्हणा. इंजिनिअर असले तरी म्हणतात.

घाट सगळ्यात शेवटी. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, खालचा गिअर टाकायचा, गाडीचं इंजिन स्वतःच तिला आवरतं. ऑटोमॅटिकवाल्यांनी आपल्या गाडीत ते कसं करायचं हे घरीच बघून ठेवावं. वेगमर्यादा तिथे सपाटीपेक्षा बरीच कमी आहे, कॅमेरे आहेत. मायकेल लँड आणि डेव्हिड ली यांनी १९९४ मध्ये दाखवलं की वळणावर चालकाची नजर वळणाच्या आतल्या कडेवर जाऊन टेकते आणि हात तिच्यामागून जातात. शेजारच्या कंटेनरकडे बघत राहिलात तर हातही तिकडेच जाणार. बोगद्यात दिवे लावायचे, लेन बदलायची नाही. दोन ट्रक एकमेकांना ओव्हरटेक करत घाट चढत असतील तर तिसरं होऊ नये, रेडिओ लावावा. पावसाळ्यात धुकं उतरलं की मी शिकवणी बंद ठेवते आणि फोनवर कितीही आग्रह झाला तरी नाहीच म्हणते.

काहींना मी घेत नाही. मोठा अपघात होऊन गेलेला असतो, गाडीत बसताच श्वास कोंडतो, रात्री तेच दिसतं. त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते. झोप आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी नाही. आणि काहींना सगळं जमतं, तरी आवडत नाही. तळेगावच्या एक काकू सगळ्या पायऱ्या चढल्या, दोन्ही बाजूंना लेन बदलायला लागल्या, घाट उतरून खालापूरला जाऊन आल्या आणि म्हणाल्या, झालं, आता मी परत जाणार नाही. पनवेलला लेकीकडे त्या जुन्या रस्त्यानेच जातात. तासभर जास्त लागतो, वाटेत भाजी घेतात. मी उरलेले पैसे परत द्यायला निघाले तर म्हणाल्या, "राहू दे गं. आरसे लावायला शिकवलेस ना, त्याचे ठेव."